फुंकर पिशवीत भरताना

"पिशवीत फुंका" असं सांगितलं की माणूस फुगा फुगवायला घेतल्यासारखा फुंकतो. गाल फुगतात, डोळे मिटतात, आणि तोंडातली-घशातली हवा सगळ्यात आधी पिशवीत जाते. मला हवी असते ती तिच्या मागून येणारी, फुप्फुसाच्या तळाशी रक्ताला भेटून आलेली हवा. पहिल्या दीडशे मिलिलिटर हवेचा रक्ताशी संबंधच आलेला नसतो. ती नुसती श्वासनळीत जाऊन परत येते. एवढी साधी गोष्ट मनावर ठसायला मला दोन वर्षं लागली, कारण ती दोन वर्षं मी श्वासातला ॲसिटोन ओळखणारा सेन्सर करण्याच्या मागे होते आणि श्वासाकडे माझं लक्षच नव्हतं.

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. माहेर तासगाव तालुक्यातलं. पीएच.डी.चा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा सरांनी तीन पर्याय समोर ठेवले होते: सौरघट, सुपरकपॅसिटर आणि गॅस सेन्सर. आमच्या भागात पातळ थरांवर काम करणारे पुष्कळ आहेत, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात तर ती जुनी परंपरा आहे. त्यामुळे कुठलाही विषय घेतला असता तरी अडलं तर विचारायला माणसं होती. मी गॅस सेन्सर घेतला आणि त्यातही श्वासातला ॲसिटोन, तो भाच्यामुळे.

तो तेव्हा सहा वर्षांचा होता. दोन दिवस उलट्या, पोटात दुखणं, सारखं पाणी मागणं, रात्री चार-चारदा उठून लघवीला जाणं. गावात अपचनाचं औषध मिळालं. आई मात्र त्याला मांडीवर घेऊन एकच सांगत होती, "ह्याच्या तोंडाला पिकल्या फळाचा वास येतोय गं. खाल्लं तर काहीच नाही त्यानं." तिच्या बोलण्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, मीही नाही. तिसऱ्या दिवशी पोर ग्लानीत गेलं तेव्हा मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई त्याच्या तोंडाजवळ वाकल्या, एक श्वास घेतला, आणि बोटाला सुई टोचायच्या आधीच त्यांनी सिस्टरना सलाईन तयार ठेवायला सांगितलं. टाइप वन मधुमेह, रक्तात कीटोन चढलेले. पोरगा वाचला. आईनं जे दोन दिवस आधी ओळखलं होतं तेच त्या बाईंनी ओळखलं होतं, फरक इतकाच की त्या वासाचा अर्थ त्यांना माहीत होता.

अर्थ असा. शरीरात इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी मोडायला लागतं आणि त्यातून यकृतात कीटोन तयार होतात. त्यांतला एक ॲसिटोन. तो हलका, पटकन उडून जाणारा, म्हणून रक्तातून फुप्फुसात आणि फुप्फुसातून बाहेर पडतो. निरोगी माणसाच्या श्वासातही तो असतो, दहा लाखात साधारण एक भाग किंवा त्याहून कमी. कीटोन बेसुमार वाढले की तो कितीतरी पटींनी वाढतो आणि नाकाला कळायला लागतो. नाकाला कळायच्या आधी यंत्राला कळावं, आणि ते यंत्र हजारो रुपयांच्या प्रयोगशाळेत नव्हे तर घरात, फडताळावर असावं, एवढाच माझा हेतू होता.

श्वासावरून रोग ओळखणं ही काही नवी कल्पना नव्हे. लायनस पॉलिंग यांनी १९७१ साली गॅस क्रोमॅटोग्राफीनं माणसाच्या श्वासात अडीचशेच्या आसपास वेगवेगळे पदार्थ असल्याचं दाखवलं होतं. दम्याच्या रुग्णाच्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायचं यंत्र अमेरिकेत २००३ साली मान्य झालं. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी वेगळ्या कार्बनचा युरिया प्यायला देऊन श्वास तपासतात, ती तपासणी तर आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होते. गॅस ओळखणारे धातूच्या ऑक्साइडचे सेन्सर जपानमध्ये १९६०च्या दशकात पुढे आले, ते मुख्यतः गॅसगळतीची सूचना देण्यासाठी. म्हणजे दोन्ही टोकं होती. मला मधली गाठ मारायची होती.

सुरुवात पावडरीपासून. मी टंगस्टन ऑक्साइड घेतलं, कारण ॲसिटोनशी त्याचं जमतं हे झुरिकच्या गटानं २०१०च्या सुमारास सिलिकॉन मिसळलेल्या टंगस्टन ऑक्साइडवर दाखवून दिलं होतं. सोडियम टंगस्टेट म्हणजे मिठासारखे पांढरे खडे. ३.३ ग्रॅम वजन करून डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचे आणि ढवळत ढवळत हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबानं सोडायचं. पाणी आधी दुधट होतं, मग फिकट पिवळं. ते मिश्रण टेफ्लॉनच्या भांड्यात, ते भांडं जाड स्टीलच्या डब्यात, आणि डबा १८० अंशांच्या ओव्हनमध्ये चोवीस तास. भांडं काठोकाठ भरायचं नाही, पाऊणच भरायचं, कारण आत वाफेचा दाब चढतो. डबा आपोआप गार होईपर्यंत हात लावायचा नाही. प्रेशर कुकरचाच नियम, पण इथं शिट्टी नसते, आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

मग धुणं. या धुण्यात मी पहिले सहा महिने घाई करत होते. तळाशी बसलेला गाळ पाण्यानं धुवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, वरचं पाणी काढायचं, पुन्हा धुवायचा. वरच्या पाण्याचे चार थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. पांढरा ढग उठला तर क्लोराइड शिल्लक आहे. चौथ्या-पाचव्या धुण्याला ढग उठतोच. सहाव्याला धुरकट होतं. आठव्या धुण्याला थेंब पडतो आणि पाणी तसंच नितळ राहतं, तेव्हा थांबायचं. मी पाचव्यालाच थांबायचे आणि मग प्रत्येक सेन्सर वेगळा का वागतो म्हणून डोकं धरून बसायचे.

धुतलेली पावडर वाळवून ५०० अंशांच्या भट्टीत दोन तास भाजली की तिला रंग चढतो. सांगलीत राहून पिवळ्या रंगाची पारख आपोआप होते. हळदीच्या पेठेतून जाताना तो रंग कपड्याला, हाताला, श्वासालाही लागतो. हळदीचा पिवळा उबदार, तांबूस. टंगस्टन ऑक्साइडचा पिवळा तसा नाही. तो कच्च्या लिंबाच्या सालीसारखा, जरा थंड. आणि भट्टीत हवा नीट खेळली नाही तर तो निळसर-हिरवट पडतो. म्हणजे ऑक्सिजन कमी पडला. असे दोन घाणे मी टाकून दिले. रंग बघून घाणा जमला की बिघडला हे आता मला एक्स-रेच्या आधी कळतं. तरीही स्फटिकांची रचना एक्स-रेनं तपासायला पुडी कोल्हापूरला पाठवायचीच. आलेख आला की त्यात २३ ते २५ अंशांच्या कोनांमध्ये तीन शिखरं शेजारी-शेजारी उभी दिसली पाहिजेत. ती दिसली की तो दिवस चांगला जातो.

पावडरीचे कण नॅनो, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापातले, कशासाठी, हे मला वर्गात दर वर्षी सांगावं लागतं, ते इथंही सांगते. सेन्सर ३०० अंशांच्या आसपास तापवलेला असतो. हवेतला ऑक्सिजन कणाच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि आतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्यामुळे कणाच्या कडेचा पट्टा इलेक्ट्रॉनविना रिकामा राहतो, वीज वाहायला अडते, रोध वाढतो. ॲसिटोन आला की तो त्या चिकटलेल्या ऑक्सिजनबरोबर जळतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन निघून जातो, आणि अडकलेला इलेक्ट्रॉन आत परत येतो. रोध उतरतो. हा उतार आपण मोजतो. कण मोठा असेल तर नुसती साल बदलते, गाभ्यातून वीज वाहतच राहते, म्हणून फरक जाणवत नाही. कण काही नॅनोमीटरचा केला की साल हाच सगळा कण. टिन ऑक्साइडचे कण सहा नॅनोमीटरच्या खाली गेले की संवेदनशीलता एकदम कशी चढते, हे जपानच्या यामाझोए यांच्या गटानं १९९१ साली दाखवलं. तो आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा या विषयाची खरी गोडी लागली.

पावडर अगेटच्या खलात घ्यायची, टर्पिनिऑलचे काही थेंब, चिमूटभर एथिल सेल्युलोज, आणि घोटत राहायचं. गंध उगाळताना सहाणेवर जसा गुळगुळीत लेप येतो तसा यायला हवा. मग नखाएवढ्या पांढऱ्या ॲल्युमिनाच्या चकतीवर तो लेप. चकतीवर सोन्याच्या बारीक रेघा असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घातल्यासारख्या, आणि खालच्या बाजूला प्लॅटिनमचा हीटर. लेप वाळवून भाजला की सेन्सर तयार. पण तो लगेच कामाला येत नाही. सात-आठ दिवस अखंड तापत ठेवला की मग कुठं त्याची मूळ रेघ, म्हणजे नुसत्या हवेतल्या रोधाची पडद्यावरची रेघ, सरळ चालते. आमच्याकडे वीज गेली की हे सात दिवस पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मी घरचा इन्व्हर्टर प्रयोगशाळेत नेऊन ठेवला. मे महिन्यात पंखे बंद पडायचे, घरच्यांनी ते सहन केलं.

मोजमापही नाजूक. काचेची दहा लिटरची पेटी, आत छोटा पंखा. एक मायक्रोलिटर द्रव ॲसिटोन, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा थेंब, आत सोडला तर हिशेबानं दहा लाखात ३३ भाग होतात. मला तर एक भाग हवा होता. एवढा बारीक थेंब सिरिंजनं टाकणं शक्य नाही. म्हणून आधी ३३ भागांची हवा करायची, तिच्यातली ३० मिलिलिटर काढून एक लिटरच्या पिशवीत कोरड्या हवेत मिसळायची, की झाला एक भाग. हे कळल्यावर काम मार्गी लागलं आणि एका गुरुवारी, पिशवी जोडल्यावर पडद्यावरची रेघ ठळक खाली उतरली. एक भाग. त्या दिवशी मी घरी जाताना गणपतीला जाऊन आले.

आता श्वास. एम.एस्सी.च्या एका मुलानं पिशवी फुंकून दिली, जोडली, आणि रेघ अशी कोसळली की मुलं ओरडलीच. मलाही वाटलं, झालं. रात्री मात्र झोप लागेना. निरोगी पोराच्या श्वासात एवढा ॲसिटोन कुठून आला असेल? सकाळी लवकर जाऊन मी एक पिशवी भरली, श्वासाची नव्हे, कोमट पाण्यातून बुडबुडे काढलेल्या साध्या हवेची. रेघ तशीच कोसळली. तेवढीच. सेन्सर पाणी मोजत होता.

आपला श्वास जवळजवळ पूर्ण भिजलेला असतो. थंडीत आरशावर फुंकर मारली तर ते डोळ्यांनी दिसतं. पाण्याची वाफ कणाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या जागा अडवते. त्यामुळे मूळ रेघ खाली येते आणि ॲसिटोनला द्यायचा प्रतिसादही मंदावतो. माझी दीड वर्षाची सगळी मापं सिलिंडरच्या कोरड्या हवेतली होती. कागदावर चांगली, सांगलीच्या जुलैत निरुपयोगी. मी वाटेत सिलिका जेलची नळी लावली, पाणी शोषलं जाईल म्हणून. पाणी गेलं, आणि ॲसिटोनही गेला. सिलिका जेल दोघांनाही धरून ठेवते. हे मी आधी वाचायला हवं होतं.

सर म्हणाले, "पाणी काढू नकोस. पाण्यासकट शिक." तिथून कामाची दिशा बदलली. सगळी मापं मी ओल्या हवेत नव्यानं घेतली. नळी बाहेरून तापवली, म्हणजे वाफेचे थेंब वाटेत साचणार नाहीत. सेन्सरची मूळ रेघच ओल्या हवेत धरायची, मग तिच्यात ॲसिटोन मिसळायचा. पावडरीत थोडं सिलिकॉन मिसळून पाहिलं, त्यानं स्थिरता वाढली. रेघेचा उतार पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी झाला, पण तो खरा होता.

दुसरं संकट प्रयोगशाळेतच होतं. आमच्याकडे काचसामान धुतात कशानं? ॲसिटोननं. खोलीची हवाच ॲसिटोननं भरलेली, आणि मी तिथं माणसांना दीर्घ श्वास घ्यायला सांगत होते. एका मुलीच्या पिशवीचा आकडा अचानक वर गेला तेव्हा तिनं आदल्या तासाला नेलपॉलिश काढलेलं निघालं. सॅनिटायझरमधलं अल्कोहोलही सेन्सरला भुलवतं. शेवटी मागच्या व्हरांड्याकडची जुनी स्टोअररूम मी मागून घेतली. तिथं काचसामान नाही, स्पिरिट नाही, खिडक्या दोन्हीकडे. गळीत हंगामात वाऱ्याबरोबर मळीचा वास येतो तेव्हा त्या दिवसाची मापं वेगळ्या वहीत लिहायची. आणि प्रत्येक माणसाच्या पिशवीबरोबर त्याच खोलीतल्या हवेची एक पिशवी भरायची. त्या दुसऱ्या पिशवीनं माझं काम वाचवलं असं मी आजही सांगते.

रुग्णांपर्यंत जायचं तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. अर्ज, आराखडा, संमतीपत्र. संमतीपत्र मी इंग्रजीवरून मराठीत केलं होतं: "सदर संशोधनात सहभागी होण्यास मी स्वेच्छेने संमती देत आहे." समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी ते वाचून विचारलं, "हे तुमच्या आई समजू शकतील का?" मी घरी जाऊन आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे सही कर म्हणतीस, एवढंच ना?" मग पुन्हा लिहिलं. "तुम्ही पिशवीत फुंकर मारायची. सुई एकदाच टोचू, बोटाला. त्याचा निकाल तुमच्या डॉक्टरांना देऊ. पिशवीचा निकाल कुणालाच देणार नाही, कारण तो खरा की खोटा हेच आम्ही तपासतोय. मधूनच नको वाटलं तर सांगा, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही." हे मंजूर झालं. परवानगी अठरा वर्षांवरच्या माणसांपुरतीच मिळाली.

सुई कशाला, असं पुष्कळजण विचारतात. श्वासाचा आकडा खरा की खोटा ते ठरवायला रक्तातले कीटोन मोजावे लागतात. त्याच्या पट्ट्या मिळतात, महाग असतात. लिटरमागे ०.६ मिलिमोलच्या आत असेल तर ठीक, ३च्या वर गेला तर दवाखाना गाठायचा.

मिरजेतल्या एका दवाखान्याच्या ओपीडीत सकाळी सातला खुर्ची टाकून बसायचे. चूळ भरायची, पाच मिनिटं शांत बसायचं, मग फुंकायचं. टीच्या आकाराची नळी, एका फाट्याला छोटी पिशवी, ती आधी भरते. त्यात नको ती हवा जाते. ती भरली की उरलेली आपोआप मोठ्या पिशवीत. "दम लागेपर्यंत, पण हळू. कपातला चहा निववताना जसं फुंकता तसं." हे चहाचं सापडल्यावर गाल फुगणं थांबलं.

प्रश्नावलीत "तंबाखूचे सेवन करता का?" असा प्रश्न होता. तासगावकडच्या एक मावशी म्हणाल्या, "नाही बाई, कधीच नाही." पिशवी भरताना मला वास आला. मी विचारलं, "मावशी, मिश्री लावता का?"

"ती होय, ती लावती की. सकाळी उठल्या उठल्या. तंबाखू कुठं खाती मी?"

त्यांच्या दृष्टीनं त्यांनी खरंच सांगितलं होतं. त्या दिवशी प्रश्नावली बदलली: मिश्री, तपकीर, जर्दा, विडी, वेगवेगळं विचारायचं. आणि आधीच्या सगळ्या बायकांना फोन करून पुन्हा विचारलं.

या सगळ्या कामातला मला सगळ्यात प्रिय भाग आषाढी एकादशीचा. उपवासानं कीटोन वाढतात हे पुस्तकात होतं. आमच्याकडे उपवास करणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. महाविद्यालयातले सेवक, शिक्षक, माझ्या ओळखीतले माळकरी, अशा पंधरा-सोळा जणांना विचारलं, सगळे निरोगी. दशमीला संध्याकाळी एक पिशवी, एकादशीला संध्याकाळी एक, आणि द्वादशीला पारणं सोडायच्या आधी एक. मला वाटलं होतं, सगळ्यांचे आकडे चढतील. बहुतेकांचे जागचे हलले नाहीत. विचारलं, काय काय खाल्लं? साबुदाण्याची खिचडी, रताळी, भगर, केळी, राजगिऱ्याचे लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. पिष्टमय पदार्थ पोटात गेले की शरीराला चरबी मोडायची गरजच पडत नाही.

दोघांचे आकडे मात्र चढले. त्यातल्या एक आजी, पासष्टीच्या, हरिपाठ म्हणणाऱ्या, दिवसभर नुसत्या पाण्यावर. द्वादशीच्या सकाळी त्यांची पिशवी जोडली तेव्हा रेघ इतकी उतरली की मी खोलीतल्या हवेची पिशवी दोनदा तपासली. बोटाच्या थेंबातले कीटोनही वाढलेले होते. मी म्हणाले, "आजी, तुम्ही काल काहीच घेतलं नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "पाणी आन् नाव. दुसरं काय घ्यायचं?" पारणं सोडून जेवल्यावर संध्याकाळी पिशवी पुन्हा भरली, रेघ जागेवर. त्या रेघा एकाखाली एक छापून मी टेबलासमोर लावल्या आहेत. आजींना एक प्रत दिली, ती त्यांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

याचा दुसरा अर्थही मला मान्य करावा लागला. धडधाकट आजींच्या श्वासातला ॲसिटोन ओपीडीतल्या बहुतेक मधुमेही रुग्णांपेक्षा जास्त होता. टाइप टूचे, गोळ्या नियमित घेणारे रुग्ण आणि निरोगी माणसं यांचे आकडे एकमेकांत मिसळलेलेच आले, वेगळे काढता येईनात. वर्तमानपत्रात अधूनमधून येतं, "आता फुंकर मारा आणि साखर तपासा." ते वाचून लोक मला विचारतात, "मॅडम, बोट टोचायचं कधी संपणार?" मी स्पष्ट सांगते, माझ्या सेन्सरनं तरी नाही. ॲसिटोन साखर सांगत नाही. शरीर चरबी जाळतंय का, एवढंच तो सांगतो. ज्याच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्याला तापात, उलट्यांत, डोस चुकल्यावर हे कळणं म्हणजे काही तास आधी कळणं. आणि आता मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांत कधी कधी साखर फार वाढलेली नसतानाही कीटोन चढतात. तिथंही याचा उपयोग होईल असं मला वाटतं. पण हे काम साखरेचं म्हणून विकायला निघालं की लोक इन्सुलिनचा डोस त्यावर ठरवतील. तसं होऊ नये म्हणून मी प्रत्येक भाषणाची सुरुवात याच वाक्यानं करते, मग समोरच्यांचा उत्साह कमी झाला तरी चालेल.

भाचा आता अकरा वर्षांचा आहे. इन्सुलिन स्वतः घेतो. ज्याच्यासाठी हे सुरू केलं त्याची एकही पिशवी माझ्याकडे नाही, कारण परवानगी मोठ्यांपुरती आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला ताप आला, उलट्या झाल्या. माझ्या पिशव्या तिथंच कपाटात होत्या आणि मी त्यांना हात लावला नाही. रक्ताची पट्टी वापरली, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं.

आता मुलांसाठी वेगळा अर्ज करते आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआरच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती घ्यावी लागते, आईवडिलांच्या सहीशिवाय वेगळी. मुलाला कळेल अशा शब्दांत त्याला सांगायचं. मसुदा लिहून मी रविवारी तासगावला गेले आणि त्याला वाचून दाखवला. पहिल्याच ओळीत "श्वासाचा नमुना" होतं. तो म्हणाला, "आत्या, नमुना म्हणजे?" मी ते खोडून "फुंकर" लिहिलं. पुढं ऐकत राहिला. "निकाल तुला सांगितला जाणार नाही" इथं आल्यावर त्यानं कागद स्वतःकडे ओढला.

"फुंकर माझी आणि आकडा मला नाही? का?"

"कारण तो अजून चुकू शकतो."

"मग तसं लिही ना. नुसतं सांगणार नाही म्हटलं तर मला वाटेल काहीतरी वाईट निघालंय."

मी पेन त्याच्याकडे दिलं. त्यानं माझी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "आकडा आत्ता सांगणार नाही, कारण मशीन अजून शिकतंय. बरोबर यायला लागला की सांगू." समितीकडे तोच मसुदा पाठवला आहे.